इमारत बघून झाली, आता टाचा बघा

सिस्टर, माझ्या आईचं वय ७८. मार्चमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. 'हो', 'नको' आणि कधीतरी माझं नाव, एवढंच येतं. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मी बँकेत, मुलगी दहावीला, भाऊ कॅनडात मिसिसागाला. ब्युरोकडून मावश्या ठेवून पाहिल्या, चार महिन्यांत सहा बदलल्या. शेवटच्या मावशींच्या हातून आई खुर्चीतून पडली. आता दोन केंद्रं बघून ठेवली आहेत. एक मुळशीच्या बाजूला, घरापासून दीड तासावर. ६० खाटा, लॉन, गणपतीचं देऊळ, सगळं चकचकीत, महिना ४५ हजार. भेटायला फक्त रविवारी ११ ते ५, तेही आधी फोन करून. दुसरं कर्वेनगरात, जुन्या बंगल्यात. १४ खाटा, भिंतींचा रंग उडालेला, ३२ हजार. चालवणाऱ्या बाई स्वतः नर्स आहेत. भाऊ म्हणतो पहिलंच घे, पैसे मी देतो. मामा म्हणतात, आईला टाकायला निघालीस. महिनाअखेर ठरवायचंय. चांगलं-वाईट ओळखायचं कसं?
– एक मुलगी, पुणे

ताई,

आधी मामांचं बघू. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा केंद्राचा कायदा आहे. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणं हा त्यात गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्यानं तिथे शब्द मोजून वापरलेत: पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूनं कुठेतरी ठेवणं. सहा मावश्या बदलून, पडलेल्या आईला उचलून, 'तिला कुठे ठेवलं तर ती नीट राहील' असं विचारत जी मुलगी पत्र लिहिते, तिला तो शब्द लागत नाही. मामा पुन्हा बोलले तर त्यांना विचारा, आईकडे जाण्याच्या पाळ्या लावतेय, तुम्हाला बुधवार चालेल का? हे मी टोमणा म्हणून सांगत नाहीये. आईला माणसं लागणार आहेत, आणि मामा तिचे भाऊ आहेत.

आता केंद्रांकडे येऊ. मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात काढली, शेवटची ११ परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख नर्स, म्हणून. त्यानंतर ओळखीपाळखीच्या कितीतरी लोकांबरोबर अशी केंद्रं बघायला गेले. जवळजवळ सगळे एकच चूक करतात: इमारत बघतात. लॉन, टाइल्स, देऊळ, रिसेप्शनवरची फुलं. तुम्ही दोन्ही ठिकाणांचं जे वर्णन लिहिलंय, त्यातही इमारतच आहे. तिथे राहणाऱ्या एकाही आजी-आजोबांबद्दल तुमच्या पत्रात अक्षर नाही. तुम्ही त्यांना पाहिलंत का? की तुम्हाला ऑफिसात बसवून चहा दिला आणि एक रिकामी खोली दाखवली?

तुमच्या भावाला पहिलं केंद्र का आवडतंय ते मला समजतं. तो जिथे राहतो त्या ओंटारियोमध्ये अशा प्रत्येक दीर्घकालीन शुश्रूषागृहाची सरकारी तपासणी होते आणि तिचा अहवाल कुणालाही वाचायला मिळतो. तपासनीस कधी आले, काय चुकीचं सापडलं, सगळं त्यात असतं. अमेरिकेत २००८ पासून शुश्रूषागृहांना एक ते पाच तारे देतात. भावाच्या डोळ्यांना सवय आहे की चकचकीत जागेमागे कुणीतरी तपासणी केलेली असते. आपल्याकडे तसा उघडा अहवाल तुमच्या हातात येणार नाही. इथली तपासनीस तुम्हीच, आणि म्हणून मी तुम्हाला कागदांपेक्षा डोळ्यांचं काम जास्त सांगणार आहे.

तरी कागदांचं आधी उरकते. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की लोकांना कोपऱ्यावरचं बाळंतपणाचं हॉस्पिटल आठवतं. पण १९४९ चा जो शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा महाराष्ट्रात लागू आहे, त्याच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्या जोडीला दुर्बलताही आहे. म्हणजे दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा केली जाते ती जागाही त्यात येते. तरीही पुष्कळ केंद्रं स्वतःला 'निवास' किंवा 'वृद्धाश्रम' म्हणवतात आणि नोंदणी विचारली की शॉप अ‍ॅक्टचा कागद पुढे करतात. तो कागद दुकानालाही मिळतो. तेव्हा स्पष्ट विचारा, 'तुमची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आणि कधीपर्यंतची?' शुश्रूषागृहाचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं, आणि २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनदसुद्धा. कर्वेनगरचं केंद्र महापालिकेच्या हद्दीत आहे, त्यामुळे नोंद खरी का हे महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारता येईल. मुळशीकडचं हद्दीबाहेर असेल तर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे जा. नर्स म्हणून जे नाव सांगतात त्याचा महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खऱ्या नर्सला हा प्रश्न टोचत नाही, ती क्रमांक घडाघडा सांगते. मलाही माझा अजून पाठ आहे.

आता टाचा.

माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ऑपरेशननंतर आम्ही त्यांना तीन आठवडे एका केंद्रात ठेवलं होतं. जागा नीटनेटकी, रजिस्टर व्यवस्थित, सिस्टर बोलायला गोड. मी रोज जात होते. रोज त्यांना कुशीवर वळवून पाठ बघत होते, माकडहाड बघत होते. अकराव्या दिवशी त्या म्हणाल्या, पायाला मुंग्या चावतायत. पायात लोकरीचे मोजे होते, मीच नेऊन दिलेले. मोजा काढला तर डावी टाच काळीनिळी, रुपयाच्या नाण्याएवढी, मधोमध मऊ पडलेली. ती जखम भरायला चार महिने लागले. तीन आठवड्यांसाठी गेलेली बाई त्या टाचेपायी पुन्हा धड चालली नाही. केंद्राची चूक होतीच, पण दहा दिवस मोजे मीही काढले नव्हते. म्हणून आता कुठेही गेले की मी टाचा बघते, आणि तुम्हालाही तेच सांगते.

झोपून असलेल्या माणसाचं वजन ज्या-ज्या हाडावर पडतं तिथली कातडी दबून तिचा रक्तपुरवठा तुटतो. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती, कोपरं, डोक्याची मागची बाजू. साधारण दोन-दोन तासांनी कूस बदलली, हवेची गादी असली, कातडी कोरडी ठेवली, तर अशा बहुतेक जखमा, म्हणजे बेडसोअर, टळतात. गोऱ्या कातडीवर लाली दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर ती चटकन कळत नाही. तिथे बाजूच्यापेक्षा गडद किंवा जांभळट डाग असतो, हाताला गरम किंवा टणक लागतो. बोटानं दाबून सोडा. दाबल्यावर डाग फिका पडून पुन्हा रंग आला तर ठीक. जसाच्या तसा राहिला तर आत नुकसान सुरू झालंय. टाच वाचवायची तर पोटरीखाली उशी हवी, म्हणजे टाच अधांतरी राहते. पाणी भरलेले रबरी हातमोजे टाचेखाली ठेवायची जुनी सवय अजून दिसते. त्यानं काम भागत नाही. कुठे ते दिसले तर समजा, तिथे नवं काही शिकवलं गेलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, परक्या आजींच्या टाचा मी कशा बघू? बघायला मागायच्या नाहीतच. पण चक्कर मारताना उघडे पाय दिसतात, पोटरीखालची उशी दिसते. आणि चालवणाऱ्या बाईंना सरळ विचारता येतं, 'आत्ता तुमच्याकडे किती जणांना बेडसोअर आहेत? त्यातले बाहेरून आलेले किती, इथे झालेले किती?' 'आमच्याकडे एकही होत नाही' असं उत्तर आलं तर मी सावध होते. 'तीन आहेत, दोन हॉस्पिटलमधून घेऊन आले, एक आमच्याकडे झाला, या खोलीत चला' असं कुणी म्हणालं तर तिथे मी बसून बोलते.

दुसरी गोष्ट रात्र. केंद्राची खरी परीक्षा रात्री असते आणि तुम्ही दोन्हीकडे दिवसा गेला होतात. साधा हिशोब करा. एका पूर्ण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं, डायपर बघणं, ओला असेल तर पुसून बदलणं, उशा लावणं; दोन माणसांनी नीट केलं तर १०-१२ मिनिटं. असे दहा पेशंट म्हणजे एका फेरीला जवळजवळ दोन तास. पुढची फेरी दोन तासांनीच. म्हणजे दहा खिळलेल्या पेशंटना दोन मावश्या असल्या तर त्यांना रात्रभर पाठ टेकता येणार नाही, कुणाला उलटी झाली तर तेवढीही सवड नाही. त्यामुळे 'आमच्याकडे पुरेसा स्टाफ आहे' हे उत्तर घेऊ नका. विचारा, काल रात्री ११ ते ६ कोण-कोण जागं होतं? किती पेशंट खिळलेले होते? सिस्टर रात्री इथेच असते की फोनवर? साठ खाटांच्या ठिकाणी हे विचाराल तेव्हा समोरचा माणूस आकडा सांगतो की ब्रोशर काढतो, ते बघा.

मावश्यांशी बोला. कधीपासून आहात, बारा तासांची ड्युटी की चोवीस तासांची, झोपता कुठे, सुट्टी मिळते का. ताई, चोवीस तासांची मावशी म्हणजे रात्री झोपलेली मावशी. तिला दोष नाही, माणूस झोपणारच. एकीकडे सगळ्या मावश्या दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेल्या आणि दुसरीकडे एखादी सहा वर्षं टिकलेली असेल, तर बाकी सगळं सारखं असताना मी दुसरीकडे जाईन. आजी 'अं' करून हात हलवते म्हणजे तिला पाणी हवंय की लघवीला लागलीय, हे सहा वर्षांच्या मावशीला कळतं. तुमच्या आईचं बोलणं गेलेलं आहे. तिला अशीच मावशी लागणार.

तुमच्या आईपुरत्या आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या बघायला दुपारी साडेबाराला जा, जेवणाच्या वेळी.

पहिली भरवणं. अर्धांगाच्या पुष्कळ पेशंटना गिळायला त्रास होतो. पाण्याचा, पातळ वरणाचा ठसका लागतो आणि तो घोट श्वासनळीत गेला की न्यूमोनिया. भरवणारी मावशी उभी आहे की खुर्ची घेऊन समोर बसली आहे? आजींना ९० अंशात ताठ बसवलंय की आडव्या अंगानं तोंडात चमचा चाललाय? एक घास गिळल्याशिवाय दुसरा दिला जातोय का? एकीच्या हातात एकच वाटी आणि ती चार जणांना फिरून भरवतेय असं दिसलं तर तिथून निघा, मग जेवण कितीही सात्त्विक असू दे. आईची उजवी बाजू गेली आहे म्हणजे उजव्या गालात घास साठून राहत असणार. जेवणानंतर तो गाल कोण साफ करतं, विचारा. आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात का, तेही. जे नळीवर आहेत त्यांचंही हेच. नळीनं दूध-पेज देताना डोकं-छाती उंच हवी, सपाट झोपवून नाही.

दुसरी उचलणं. खाटेवरून खुर्चीत घेताना मावशी काय करते ते एकदा बघाच. अर्धांगानं लुळा पडलेला हात धरून किंवा बगलेत हात घालून ओढलं की खांदा सांध्यातून निसटू शकतो आणि मग दुखत राहतो. जाणकार माणसं कमरेला पट्टा बांधून किंवा कमरेपाशी धरून उचलतात, लुळा हात आधी पोटावर घेतात. 'आमच्या मावश्या ट्रेन्ड आहेत' या वाक्यापेक्षा हे पाच सेकंदांचं दृश्य जास्त सांगतं. फिजिओथेरपीबद्दलही इथेच विचारा. झटक्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत सुधारणेला सगळ्यात जास्त वाव असतो आणि त्यातले चार गेलेत. आठवड्यातून किती दिवस, किती वेळ, कोण येतं? जिथे आईला दिवसभर खाटेवरच ठेवतील ती जागा तिचे उरलेले दोन महिने खाईल.

हॉलमध्ये बसलेल्यांकडे बघा. सकाळी अकराला दहातले आठ मान टाकून पेंगत असतील तर रात्रीच्या औषधांबद्दल विचारा. 'रात्री कुणी फार ओरडलं, उठून चालायला लागलं, तर तुम्ही काय करता?' हा माझा आवडता प्रश्न आहे. चांगल्या ठिकाणी सांगतात की आधी पोट बघतो, लघवी अडलीय का बघतो, दुखतंय का बघतो, जवळ बसतो, डॉक्टरांना विचारतो. वाईट ठिकाणी सांगतात, 'एक गोळी देतो, शांत झोपतात.' मनगटांवर कापडी पट्टीचे वळ दिसले तर आणखी काही विचारायचं राहत नाही. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, किती जणांना आहे तेही मोजा. जवळजवळ सगळ्यांना असेल तर ते आजारापायी नसून डायपर बदलण्याचे कष्ट वाचवायला आहे, आणि प्रत्येक नळी म्हणजे जंतूंना उघडं दार. पिशवी खाटेच्या खाली, मूत्राशयाच्या पातळीच्या खाली लटकलेली हवी, जमिनीला टेकलेली नको.

वासाबद्दल लोक फार बोलतात. एका खाटेपाशी लघवीचा वास आला तर ते काही वाईट नाही, आत्ताच झाली असेल, दहा मिनिटांनी पुन्हा जाऊन बघा. सगळीकडे सारखा मुरलेला वास वेगळा. आणि डोळ्यांत पाणी येईल इतका फिनाइलचा वास मला लघवीच्या वासापेक्षा जास्त खटकतो.

रजिस्टर मागा. औषधांचा तक्ता, कूस बदलल्याची नोंद, वजन. दुसऱ्याच्या आजाराची माहिती दाखवायला कुणी नकार दिला तर तो योग्यच आहे. नाव झाकून एक पान दाखवा म्हणा. मग अक्षर बघा. सकाळच्या ८ च्या, दुपारी २ च्या आणि रात्री १० च्या सह्या एकाच पेनानं, एकाच हातानं, एका ओळीत झाल्या असतील तर ते पान संध्याकाळी बसून भरलंय. खरं रजिस्टर घाणेरडं असतं. त्यात खाडाखोड असते, 'घेतली नाही, थुंकली' असं लिहिलेलं असतं. महिन्याला वजन होतं का हे विचारा. झिजणारं माणूस डोळ्यांना उशिरा दिसतं, काट्याला लवकर.

आता आगीचं, आणि इथे मला बंगल्याची जास्त काळजी वाटते. ९ डिसेंबर २०११ ला पहाटे कोलकात्याच्या आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. ज्वाळा वरच्या मजल्यांपर्यंत पोचल्याच नाहीत, धूर पोचला. ९० हून जास्त माणसं गेली, बहुतेक रुग्ण, बहुतेक गुदमरून, ज्यांना स्वतःहून खाटेवरून उतरता येत नव्हतं अशी. आपल्याकडे ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला, तेव्हाही मेलेली माणसं खाटांवरचीच होती. तुमची आई पळू शकत नाही. म्हणून ती तळमजल्यावरच हवी, हे दोन्ही ठिकाणी अटीसारखं सांगा. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात 'फॉर्म बी' आहे. परवानाधारक एजन्सीनं यंत्रणा तपासून दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत तो द्यायचा असतो. शेवटचा बघायला मागा. मग बाहेरचं मागचं दार कुठे आहे ते स्वतः उघडून बघा. विसराळू म्हातारी माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून ही दारं कुलूपबंद असतात. त्या मागचं कारण चांगलं आहे, पण किल्ली रात्री कुणाच्या कमरेला असते? मालकीणबाईंच्या घरी असेल तर ते दार म्हणजे भिंतच. एकाच पिनला जोडलेली तीन एक्स्टेन्शन बोर्डं, हवेच्या गादीचा पंप, हीटर, खाटेमागून गेलेल्या वायरी बघा. ऑक्सिजनचा सिलिंडर साखळीनं बांधलेला हवा.

बाथरूममध्ये स्वतः जा आणि दार लावून घ्या. हाताशी दांडी आहे का? तुमच्या आईला ती डाव्या हाताला लागेल, उजवीकडची तिला निरुपयोगी. दार बाहेर उघडतं का? आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडलं की दार उघडतच नाही. गीझरचं पाणी कोण तपासतं? अर्धांगाच्या बाजूला पुष्कळदा चटका कळत नाही. जन्मभर नर्सिंग केलेल्या माणसालाही भाजलेला लुळा पाय बघवत नाही.

पैशांचं थोडक्यात. ३२ आणि ४५ हे आकडे अजून खरे नाहीत. डायपर, हवेची गादी, फिजिओ, डॉक्टरांची व्हिजिट, केस कापणं, हॉस्पिटलात नेलं तर बरोबरच्या माणसाचे पैसे, हे सगळं धरून एका महिन्याचं खरं बिल, नाव झाकून, दाखवायला सांगा. आई महिन्याच्या मध्येच हॉस्पिटलात गेली किंवा गेलीच, तर डिपॉझिटचं काय, हे लेखी घ्या. आईचं पासबुक, एटीएम कार्ड, सह्या केलेले चेक तिथे ठेवायचे नाहीत. कुणी तुमच्या घराच्या कागदांची गोष्ट काढली तर त्याच दिवशी आईला घरी आणा.

तर मी काय करीन? अजून मी दोन्ही जागा बघितलेल्या नाहीत, पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीनं माझं मत झुकलं. भेट फक्त रविवारी आणि तीही फोन करून. ताई, जिथे न सांगता जाता येत नाही तिथे तपासणी होऊच शकत नाही. आईला रोज सहा ते आठ या वेळात कुणीतरी भेटून जाणं, हीच तिची सगळ्यात मोठी सुरक्षा आहे. बँकेतून निघून कर्वेनगरला तुम्ही आठवड्यातून तीन वेळा जाल. मुळशीकडे दीड तास गाडी काढून पहिला महिना जाल, मग पंधरा दिवसांनी, मग मुलीची बोर्डाची परीक्षा येईल. यात तुमचा दोष काढत नाही. ज्या माणसाकडे नातेवाईक सारखे येतात त्याची कूस आधी बदलली जाते, हे मी वॉर्डात वर्षानुवर्षं बघितलंय आणि आमच्याकडूनही तसं व्हायचं, हे कबूल करते.

म्हणून आधी कर्वेनगर. रात्री साडेनऊला एकदा न सांगता बेल वाजवा, एकदा रविवारी सकाळी. दार कोण उघडतं, किती वेळानं, आत दिवे कसे आहेत. मागच्या दाराची किल्ली रात्रपाळीच्या माणसाकडे असेल, तळमजल्याची खाट मिळत असेल, रात्री दोघी जाग्या असतील आणि भरवणारी मावशी खुर्चीवर बसलेली दिसली, तर उडालेल्या रंगाकडे बघू नका. यातलं एखादं नसेल आणि त्या बाई आठ दिवसांत करून देत असतील, तरी चालेल. 'आजवर काही झालं नाही' म्हणाल्या तर मुळशी, पण मग भेटीची वेळ बदलून घ्या, लेखी. आणि सही करताना एका महिन्याचीच बोली करा.

भावाला त्याचं काम सांगा, कारण त्याला फक्त पैसे देणं नक्कीच पुरत नसणार. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा मिसिसागात दुपारचे साडेतीन-साडेचार असतात. तुम्ही त्या वेळी झोपलेल्या असता, तो जागा असतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी नाही, त्यानं ड्युटीच्या फोनवर फोन करावा. 'नमस्कार सिस्टर, अमक्या खोलीतल्या आजींचा मुलगा बोलतोय, आई कशी आहे, आत्ता कुठल्या कुशीवर आहे?' एवढंच, आवाज न चढवता, शेवटी धन्यवाद म्हणून. फोन कितव्या रिंगला उचलला आणि उत्तर लगेच आलं की जाऊन बघून आलं, ते त्यानं लिहून ठेवावं. दोन्ही उत्तरं चांगली आहेत. फोन उचललाच नाही तर सकाळी आठला तुम्ही तिथे.

काही खटकलं तर आधी तिथल्या तिथे, त्याच दिवशी, तारखेसह लेखी द्या आणि पोच घ्या. जखम असेल तर शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. दाद लागली नाही तर ज्येष्ठांसाठी देशभर १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे बोला.

एक राहिलं, आणि ते मला पत्र दुसऱ्यांदा वाचताना खटकलं. भाऊ काय म्हणतो ते तुम्ही लिहिलंय, मामा काय म्हणतात तेही. आईला काय वाटतं ते नाही. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नव्हे. उजवी बाजू आणि बोलणं एकत्र जातं तेव्हा पुष्कळदा समज बरीचशी शाबूत असते, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. ठरवायच्या आधी तिला व्हीलचेअरवर घालून कर्वेनगरला घेऊन जा. तिथे तासभर बसू दे, तिथला चहा पिऊ दे, तिथल्या मावशीच्या हातून. घरी आल्यावर टीव्ही बंद करा, तिच्या डाव्या बाजूला बसा, तिचा डावा हात हातात घ्या. एका वेळी एकच प्रश्न, छोटा. ती जागा बघितलीस ना? तिथे राहशील का? मी येत जाईन, चालेल? मध्ये वेळ द्या, मनात वीस मोजा, तिच्या वतीनं तुम्ही उत्तर देऊ नका. 'हो' आणि 'नको' तिच्याकडे आहेत.